लक्ष्मीबाईंचे घर

पूर्वीच्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर नावाचे गाव आहे. तेथील घरांच्या चौकटींना दारे बसवायची नाहीत आणि कुलूप लावायचे नाही, ही त्या गावची जुनी रीत सर्वश्रुत आहे. आगगाडीने येणारे अनेक यात्रेकरू राहुरीच्या स्थानकावर उतरून तिकडे जातात. याच राहुरीत विसाव्या शतकाच्या आरंभी रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे बिऱ्हाड काही काळ होते. या घराला दार असेल, कडीही असेल. परंतु आल्यागेल्याकरिता ती कडी कधी आडवी आली नाही. त्यातही नवल असे, की हे घर सांभाळणारी बाई ज्या घरात जन्मली, त्या घरात मिठाचा खडासुद्धा धुतल्यावाचून आत येत नसे.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूर या खेड्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. 1857 च्या धामधुमीत त्यांच्या मातामहांना फाशी झाली. त्या आघाताने त्यांच्या वडिलांच्या मनावर असा परिणाम झाला, की सोवळ्याओवळ्याचे वेडच त्यांना जडले. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची, कोणाची सावली पडली तरी विटाळ मानायचा, असा कारभार होता. त्या धाकात घरातील बायकामुले जीव मुठीत धरून वावरत. अशा बालपणाची आठवण कोणाही माणसाला कडू करून टाकील. लक्ष्मीबाईंनी मात्र उतारवयात ते सारे लिहिले, तेव्हा वाचणाऱ्याला वडिलांचा राग येण्याऐवजी हसू येते, आणि हसता हसता त्या दुःखी माणसाविषयी कणवही वाटते.

अकराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला आणि मनूची लक्ष्मी झाली. नारायणराव टिळक बुद्धिमान, कविवृत्तीचे आणि मनाने लोण्यासारखे मऊ होते. परंतु एका गावी, एका नोकरीत, एका घरात टिकून राहणे त्यांना ठाऊक नव्हते. लहर आली की ते कोणाला न सांगता निघून जात. हाती पैसा आला तर तो घरी पोचण्यापूर्वी एखाद्या गरजूच्या हाती पडे. उद्याच्या पिठाची काळजी लक्ष्मीबाईंनी करायची आणि आजची कविता टिळकांनी लिहायची, अशी या संसाराची वाटणी होती. नाशिक, नागपूर, राजनांदगाव अशी बिऱ्हाडे फिरली. त्यातच अपत्यवियोगाचे दुःखही त्यांच्या वाट्याला आले.

लक्ष्मीबाई हे सर्व मुकाट्याने सोशीत होत्या, असे मात्र कोणी समजू नये. त्या भांडत. चांगल्या कडकडून भांडत. नवऱ्याला चार शब्द सुनावल्यावाचून त्या राहत नसत, आणि टिळकही काही कमी संतापी नव्हते. पण भांडण संपले की त्यातील विनोद प्रथम लक्ष्मीबाईंना दिसे. टिळकांच्या विसराळूपणाची आणि अव्यवहारीपणाची गोष्ट सांगताना आपला अडाणीपणाही त्या तितक्याच मोकळेपणाने सांगत. मराठी लिहावाचायला त्यांना टिळकांनीच शिकविले होते. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. हे ऋण त्या कधी विसरल्या नाहीत. ज्याने रडविले त्यानेच अक्षर दिले, हे दोन्ही हिशेब त्यांनी एकाच वहीत लिहिले. त्यातील एक खोडून दुसरा ठेवण्याची लबाडी केली नाही.

1895 च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या काळी ब्राह्मण घरातील स्त्रीला ही वार्ता नवऱ्याच्या मृत्यूहूनही दारुण होती. मृत्यू आला असता तर निदान समाजाची सहानुभूती तरी लाभली असती. लक्ष्मीबाई नवरा असून पोरक्या झाल्या. पदरी दत्तू हा लहानगा मुलगा. दुःखाने त्यांचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. त्यांच्या जिवाची धास्ती घरच्यांना वाटू लागली. त्या वेळी थोरली बहीण भिकूताई आणि मेहुणे नानासाहेब पेंडसे यांनी त्यांना आधार दिला. पुढे काही काळ त्या पंढरपुरास राहिल्या. ही ताटातूट सुमारे साडेचार-पाच वर्षे चालली. इकडे टिळकांची पत्रे येत, त्यांतून कविताही येत. मनातील कालवाकालव कोणाला सांगावी हे न कळून लक्ष्मीबाई स्वतःही ओव्या-पद्ये जुळवू लागल्या. त्यांच्या काव्याचा उगम असा दुःखात आहे.

अखेरीस दत्तूला घेऊन त्या नगरला टिळकांकडे आल्या. आल्या तरी धर्म सोडला नव्हता आणि सोवळेही सोडले नव्हते. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी या बाबतीत त्यांच्यावर बळजोरी केली नाही, ही गोष्ट त्यांच्या मोठेपणाची म्हटली पाहिजे. लक्ष्मीबाईंनी आपल्या मनाशीच वाद घातला. देवाने माणूस निर्माण केला, मग या जाती कोणी केल्या, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तरही स्वतःच शोधले. उत्तर सापडल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी वर्ज्य मानले नाही. मिठाचा खडा धुणाऱ्या बापाच्या लेकीला त्या एका घोटासाठी किती वर्षे चालावे लागले असेल, याचा विचार करावा. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ती वर्षे नगर जिल्ह्याला फार कठीण गेली. 1899-1900 च्या भयंकर दुष्काळात आईबापांवेगळी झालेली मुले रानोमाळ भटकत होती. मिशनच्या संस्थांत त्यांना आसरा मिळे. त्यांपैकी काही टिळकांच्या घरीही आली. घरात स्वतःची सुबत्ता काय ती ठाऊकच होती. तरी पंगतीला आणखी एक पान मांडले जाई. कोण मूल कोठल्या जातीचे, हे विचारण्याची पाळी आता आली नाही. नंतर नगरला प्लेग उसळला. सख्खी माणसे रोग्याजवळ जायला भीत होती, त्या वेळी टिळक पतिपत्नी प्लेगच्या छावणीत शुश्रूषेला गेली. या कामाविषयी लक्ष्मीबाईंनी पुढे जे सांगितले, त्यात स्वतःच्या धैर्याचा गौरव नाही. त्या भयाण जागीसुद्धा कोणाचा वेडेपणा, कोणाचा भाबडेपणा, कोणाची माया त्यांनी टिपून ठेवली.

या घरी कवींचाही राबता असे. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात चमकलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, नगरला टिळकांकडे मुलासारखे राहिले. टिळकांनी त्यांच्या कवितेची जोपासना केली आणि लक्ष्मीबाईंनी त्या हळव्या, चटकन रुसणाऱ्या तरुणाला आईची माया दिली. 1918 च्या मे महिन्यात भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवी गेले. एक वर्ष उलटते न उलटते, तोच 9 मे 1919 रोजी मुंबईस टिळकांचेही देहावसान झाले.

वयाची पन्नाशी ओलांडलेल्या, शाळेत न गेलेल्या या विधवेपुढे आता काय होते? लक्ष्मीबाईंनी मुंबईस मुलींच्या वसतिगृहाची देखरेख पत्करली. पुढे मुलाच्या संसाराबरोबर त्या कराचीलाही गेल्या आणि तेथील नव्या जगाकडे लहान मुलीच्या कुतूहलाने पाहत राहिल्या. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य मोजक्याच अध्यायांवर थांबले होते. ज्याने अक्षर शिकविले त्याचे अपुरे काम आपल्या अंगावर घेऊन त्यांनी त्याला 64 अध्याय जोडले.

त्यांच्या हातून घडलेले सर्वांत मोठे काम मात्र जवळजवळ अनायासे घडले. दत्तू, म्हणजे देवदत्त टिळक, वडिलांचे चरित्र लिहिण्याच्या खटपटीत होते. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून काढावयास सांगितले. लक्ष्मीबाई लिहू लागल्या. शुद्धलेखनाशी त्यांची ओळख बेताचीच. बोलावे तसे त्या लिहीत. त्या आठवणी ‘संजीवनी’त येऊ लागल्या आणि वाचक पुढच्या अंकाची वाट पाहू लागले. 1934 साली ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग ग्रंथरूपाने निघाला. ज्यांना कवी टिळकांची पत्नी म्हणून लोक ओळखत होते, त्या मराठी गद्याच्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. या पुस्तकात हाल आहेत, उपासमार आहे, अपमान आहे. परंतु कोणाविषयी अढी म्हणून नाही. अडचणीच्या वेळी ज्यांनी आसरा दिला, घास दिला, त्यांची नोंद मात्र त्यांनी आप्त-परके असा भेद न करता ठेवली.

1933 साली कविसंमेलनाचे अध्यक्षपद देऊन मराठी रसिकांनी त्यांचा सन्मान केला होता. तेव्हाही त्यांना आपल्या मोठेपणापेक्षा त्या प्रसंगातील गंमतच अधिक वाटली असेल, असे त्यांचा स्वभाव जाणणाऱ्याला सहज वाटते. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेवला. जलालपूर तेथून फार दूर नाही. ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग त्यांच्या मृत्यूनंतर छापून बाहेर पडला.