धुराची जबाबदारी घेणारा अभियंता : युजीन हूड्री

विद्यार्थी मित्रांनो, शाळा सुटली की फाटकापाशी रिक्षा, स्कूटर आणि मोटारींची दाटी होते. एखादी जुनी गाडी धूर ओकत गेली की आपण नाकाला रुमाल लावतो. नव्या पेट्रोल गाडीच्या धुरात विषारी वायू पुष्कळच कमी असतात. हे ज्यांच्या कष्टांमुळे शक्य झाले, त्या युजीन हूड्री यांचे नाव मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

हूड्री यांचा जन्म १८ एप्रिल १८९२ रोजी फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या दोमों या गावी झाला. वडिलांचा पोलादी बांधकामाचा कारखाना होता. युजीन यांनी यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले व १९११ मध्ये वर्गात पहिले येऊन सुवर्णपदक मिळवले. ते केवळ पुस्तकी किडा नव्हते. विद्यालयाच्या फुटबॉल संघाचे ते कर्णधार होते.

पहिल्या महायुद्धात ते रणगाडा दलात होते. १९१७ मध्ये जुव्हँकूरच्या लढाईत ते जबर जखमी झाले. भर गोळीबारात नादुरुस्त रणगाड्यांची दुरुस्ती करवून घेतल्याबद्दल त्यांना शौर्यपदक मिळाले.

युद्धानंतर त्यांना मोटारींच्या शर्यतींचे वेड लागले. चांगल्या इंजिनाला चांगले इंधनही हवे, हे त्यांच्या ध्यानात आले. जड खनिज तेलापासून उत्तम पेट्रोल काढण्यासाठी त्यांनी उत्प्रेरकांचे असंख्य प्रयोग केले. उत्प्रेरक म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा, पण स्वतः खर्च न होणारा पदार्थ. मायदेशी पुरेसा पाठिंबा मिळेना, म्हणून १९३० मध्ये ते अमेरिकेला गेले. १९३७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मार्कस हुक येथे त्यांच्या पद्धतीचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या विमानांना लागणारे उच्च प्रतीचे पेट्रोल बनवण्यात या पद्धतीचा मोठा वाटा होता. जर्मनीपुढे झुकलेल्या फ्रान्समधील सरकारला हूड्री यांनी उघड विरोध केला. त्या सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. १९४२ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले.

पैसा, मान, कीर्ती सारे मिळाले होते. आता साठीकडे झुकलेल्या माणसाने विश्रांती घेतली असती, तर कोणी नाव ठेवले नसते. पण त्या सुमारास लॉस एंजेलिस शहरावर दाट धुरके साचू लागले होते आणि मोटारींच्या धुराकडे बोट दाखवले जात होते. ज्या पेट्रोलसाठी आयुष्य वेचले, त्याच्याच धुराने माणसे आजारी पडत असतील, हा विचार हूड्री यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी नवी कंपनी काढली व धूर शुद्ध करणारे उपकरण बनवायला घेतले. हाच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. १९५६ मध्ये त्यांना अशा उपकरणाचे पेटंट मिळाले.

याचे काम कसे चालते? इंजिनात पेट्रोल पूर्ण जळत नाही. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि न जळलेल्या इंधनाची वाफ उरते. हे गरम वायू नळीतून आधी कन्व्हर्टरमध्ये व मग आवाज कमी करणाऱ्या सायलेन्सरमध्ये जातात. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनमसारख्या धातूचा पातळ थर असतो. त्याच्या सान्निध्यात प्राणवायूशी संयोग होऊन विषारी वायूचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि इंधनाच्या वाफेपासून कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ तयार होते.

पण एक अडचण होती. इंजिन ठोके देऊ नये म्हणून त्या काळी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत. ते शिसे उत्प्रेरकावर बसे आणि तो निकामी होई. खाणी व गोदामांतील यंत्रांवर उपकरण चालले, पण रस्त्यावरच्या मोटारींना ते बसलेच नाही. १८ जुलै १९६२ रोजी हूड्री यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे हे स्वप्न अपुरेच होते.

पुढे अमेरिकेत १९७० मध्ये हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा झाला. बिनशिशाचे पेट्रोल आले व १९७५ च्या नव्या मोटारींना कन्व्हर्टर बसू लागले. नंतर ऱ्होडियम धातूच्या साहाय्याने नायट्रोजनच्या ऑक्साइडांवरही उपाय झाला, आणि धुरातील प्राणवायू मोजून इंधन नेमके देणारे संवेदक आले. भारतात १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचे झाले. फेब्रुवारी २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज सहा’ हे अधिक कडक नियम लागू झाले.

तरीही कन्व्हर्टर म्हणजे जादूची कांडी नव्हे. इंजिन थंड असताना तो नीट काम करत नाही, आणि कार्बन डायऑक्साइड तर बाहेर पडतोच. पालकांनीही लक्षात ठेवावे, की मोठ्या आवाजासाठी सायलेन्सर बदलताना कन्व्हर्टर काढून टाकला, तर तो विषारी धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो.

विद्यार्थ्यांनो, नवे काही निर्माण करणारे पुष्कळ असतात. आपल्या निर्मितीमागे उरलेला धूर निस्तरायला उतारवयात पुन्हा कंबर कसणारे थोडेच. हूड्री यांच्याकडून घ्यायचा तो हाच धडा.