बाबा पदमनजी : ग्रंथवाचनातून श्रद्धेकडे

बेळगाव शहर आणि त्याच्या आसमंतातील उचगावासारखी मराठी गावे यांनी महाराष्ट्राच्या वाङ्मयीन जीवनाला जी माणसे दिली, त्यांत बाबा पदमनजी मुळे यांचे नाव कालक्रमाने फार आधीचे आहे. ‘यमुनापर्यटन’ या मराठीतील पहिल्या स्वतंत्र सामाजिक कादंबरीचे कर्ते म्हणून अभ्यासकांना ते परिचित आहेत. परंतु स्वतः बाबांना कादंबरीकार म्हणवून घेण्यात विशेष धन्यता वाटली असती, असे त्यांच्या एकंदर लेखनावरून दिसत नाही. एका ग्रंथाने आपले जीवन पालटले आणि त्या ग्रंथाचा अर्थ आपल्या भाषेत आपल्या माणसांना सांगणे हे आपले कर्तव्य आहे, या जाणिवेने त्यांची लेखणी पन्नासहून अधिक वर्षे चालत राहिली.

बाबांचा जन्म मे १८३१ मध्ये बेळगाव येथे एका सुस्थित त्वष्टा कासार कुटुंबात झाला. घरचे वातावरण धर्मनिष्ठ होते. स्नानसंध्या, पूजाअर्चा, व्रतवैकल्ये आणि पोथीपुराणे यांचे संस्कार त्यांच्यावर बालपणीच झाले, आणि ते केवळ वरवरचे नव्हते. पुढे त्यांनी जो मार्ग सोडला, तो मनापासून आचरल्यानंतर सोडला, ही गोष्ट त्यांचे चरित्र वाचताना सतत ध्यानात ठेवावी लागते.

१८१८ मध्ये बेळगाव इंग्रजांच्या अमलाखाली आले आणि १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीने येथे आपले कार्य सुरू केले. या मिशनच्या शाळेत बाबांचे शिक्षण झाले. इंग्रजी शिकले की सरकारी चाकरीचा मार्ग मोकळा होतो, एवढ्याच हेतूने त्या काळचे पालक मुलांना अशा शाळांत धाडीत असत. तेथे बायबलचे वाचन अभ्यासाचा भाग होता. बहुतेक विद्यार्थी तो पाठ म्हणून संपवीत आणि घरी जाऊन आपापल्या आचारधर्मात रमत. बाबांच्या मनात मात्र त्या वाचनाने प्रश्न निर्माण केले. पापाची टोचणी, क्षमा, ईश्वराची पवित्रता हे विषय त्यांना छळू लागले. तरीही त्यांनी उतावळेपणा केला नाही. बरीच वर्षे ते दोन्हीकडे ओढले जात राहिले.

पुढील शिक्षणासाठी ते मुंबईस गेले आणि फ्री चर्चच्या विद्यालयात दाखल झाले. तत्कालीन मुंबईत नव्या विचारांचे वारे जोराने वाहत होते. दादोबा पांडुरंग आदींच्या प्रेरणेने १८४९ मध्ये स्थापन झालेल्या परमहंस सभेत जातिभेद मोडण्याचा आणि एकेश्वराच्या उपासनेचा पुरस्कार केला जाई. बाबा या सभेत सामील झाले. तथापि सभेचे सारे व्यवहार गुप्त असत. बंद दाराआड जातिभेद मोडायचा आणि बाहेर पडताच तो पाळायचा, ही सभासदांची अडचण होती. समाजाच्या बहिष्काराचे भय लक्षात घेता तिला केवळ भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण जे अंतःकरणाला पटले ते उघडपणे बोलावे आणि आचरावे, याविना बाबांच्या मनाला स्वस्थता लाभणे शक्य नव्हते. सुधारणेची ओढ त्यांना सभेत घेऊन आली आणि सचोटीची ओढ त्यांना तिच्यापलीकडे घेऊन गेली.

अखेर ३ सप्टेंबर १८५४ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. परक्या शहराच्या आडोशाने हे पाऊल उचलणे कदाचित सोपे झाले असते. जेथे घर, भाऊबंद आणि बालमित्र होते, त्याच गावी त्यांनी आपली श्रद्धा जाहीर केली. त्या काळात धर्मांतर म्हणजे जिवंतपणी घराला पारखे होणे होते. पंक्ती तुटत, बोलणे तुटत आणि आईवडिलांच्या दृष्टीने मुलगा गेल्यासारखा होई. १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क अबाधित ठेवला होता, परंतु माया आणि सहवास यांचे रक्षण कोणता कायदा करणार? नव्या श्रद्धेतील समाधान आणि जुन्या नात्यांच्या ताटातुटीचे दुःख ही दोन्ही बाबांच्या वाट्यास एकाच वेळी आली.

बाबांच्या लेखनाचा विस्तार चकित करणारा आहे. त्यांच्या लहानमोठ्या पुस्तकांची संख्या शंभराच्या घरात जाते. बाप्तिस्म्यापूर्वीच, १८५२ मध्ये, त्यांनी स्त्रीशिक्षणावर निबंध लिहिला होता. १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. पतीसह प्रवास करणारी यमुना ठिकठिकाणी विधवांचे हाल पाहते आणि पुढे तिच्यावरच वैधव्य ओढवते. शेवटी ती ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते. कथेचा हा शेवट प्रचारकी आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु विधवेच्या दुःखाकडे इतक्या जवळून पाहणारे कथात्म गद्य तोवर मराठीत नव्हते, हेही तितकेच खरे. बाबांच्या दृष्टीने श्रद्धेची कसोटी प्रार्थनामंदिरात जशी लागे तशीच ती माजघरातही लागे.

भाषेची त्यांची सेवा स्वतंत्रपणे नोंदवावी लागेल. १८६० मध्ये ‘शब्दरत्नावली’ आणि १८६३ मध्ये मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची संक्षिप्त आवृत्ती त्यांनी सिद्ध केली. मूळ बृहत्कोश सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा होता. त्याच्या संक्षेपाने ती उणीव दूर झाली. ‘सत्यदीपिका’सारख्या नियतकालिकांचे संपादनही त्यांनी केले.

१८६७ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली आणि काही वर्षे त्यांनी पुण्याच्या मंडळीची धुरा वाहिली. नंतर ते काम सोडून त्यांनी मुंबईस बायबल व ट्रॅक्ट सोसायट्यांसाठी लेखन-संपादनास वाहून घेतले. नव्या करारावरील त्यांचे विवरण या संदर्भात महत्त्वाचे आहे. शास्त्रग्रंथ लोकभाषेत आणून त्याची फोड करायची, ही परंपरा ज्ञानेश्वरांपासून महाराष्ट्राच्या परिचयाची होती. मराठी ख्रिस्ती माणसालाही आपल्या शास्त्राचा अर्थ मराठीतच उलगडला पाहिजे, ही बाबांची धारणा त्या परंपरेशी नाते सांगते. केवळ पठण करणाऱ्यापेक्षा समजून घेणारा आणि समजले ते आचरणारा वाचक त्यांना हवा होता.

त्यांच्या मर्यादाही दृष्टीआड करून चालणार नाही. हिंदू धर्मातील दैवते, सण आणि आचार यांवर त्यांनी केलेली टीका पुष्कळदा कठोर आणि एकांगी आहे. ज्या घरात ते वाढले, त्या घरच्या भक्तीतील मृदुता त्यांच्या वादग्रंथांत क्वचितच उमटते. पुढच्या पिढीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन यांच्या द्वारे ख्रिस्तभक्तीला मराठी मातीत रुजविले. तो समन्वय बाबांना साधला नाही; पण टिळकांपूर्वी मराठी ख्रिस्ती गद्याची वाट घडविण्याचे मोठे श्रेय बाबांकडे जाते.

१८८८ मध्ये त्यांचे आत्मचरित्र ‘अरुणोदय’ प्रसिद्ध झाले. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याचे स्थान मानाचे असून परमहंस सभेच्या इतिहासाचे ते एक मोलाचे साधन आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एका तरुण मनातील संशय, भय, लोकलज्जा आणि निश्चय यांचा तो प्रांजळ आलेख आहे. २९ ऑगस्ट १९०६ रोजी बाबांचे निधन झाले.

ग्रंथालयाच्या कपाटातील एखादे पुस्तक वाचकाचे केवळ मनोरंजन करील की त्याला आयुष्याचा हिशेब पुन्हा मांडायला लावील, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. बेळगावच्या शाळेतील त्या मुलाच्या बाबतीत दुसरी गोष्ट घडली आणि त्याने तिची किंमत पुरी चुकती केली. त्याची मते वाचकाला पटोत वा न पटोत, वाचलेल्या शब्दाशी इमान राखण्याचा त्याचा धडा प्रत्येक वाचनालयाने जतन करावा असा आहे.