कूलोम आणि उतरणीवरचा ठोकळा

कूलोम म्हटले की विद्युतभाराचे एकक आठवते. पण आपल्या मंडळातल्या अकरावी-बारावीच्या मुलांना छळणारे, उतरणीवरून घसरणाऱ्या ठोकळ्याचे गणितही बरेचसे याच गृहस्थांच्या मेहनतीवर उभे आहे. म्हणून यंदाच्या अंकात आम्ही त्यांचे चरित्र निवडले.

शार्ल ऑग्युस्तँ द कूलोम यांचा जन्म १४ जून १७३६ रोजी फ्रान्समधील आंगुलेम येथे झाला. मेझिएरच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेतून बाहेर पडल्यावर १७६४ साली ते मार्तिनिक बेटावर गेले. तिथे फोर्ट बूर्बों किल्ल्याच्या बांधकामात आठ वर्षे गेली. आजारपणाने प्रकृती कायमची ढासळली. मात्र दगडमातीचा खरा भार काय असतो, हे तिथेच कळले.

जहाज पाण्यात लोटायचे, जड ओंडके ओढायचे, तर घर्षणाचा हिशेब हवाच. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते, हे आमोंताँ यांनी १६९९ मध्येच मांडले होते. पॅरिसच्या अकादमीला आता नौदलाच्या कप्प्या, रहाट आणि उतरणींना लागू पडतील असे मोठ्या प्रमाणावरचे प्रयोग हवे होते. कूलोम १७७९ साली रोशफोर बंदरात कामावर होते. तिथल्या गोदीत त्यांनी लाकडावर लाकूड, लाकडावर धातू, कोरडे आणि चरबी लावलेले, असे सारे घासून पाहिले. १७८१ चे पारितोषिक त्यांना मिळाले आणि अकादमीचे सदस्यत्वही.

त्यांच्या निष्कर्षांतला आम्हांला विशेष वाटतो तो भाग असा: थांबलेली वस्तू हलवायला लागणारा जोर, तीच वस्तू सरकती ठेवायला लागणाऱ्या जोरापेक्षा जास्त असू शकतो. लाकूड लाकडावर काही मिनिटे पडून राहिले, तर ते अधिकच घट्ट बसते. धातूवर धातू असेल तर असा फरक जवळजवळ पडत नाही.

मुलांची चूक नेमकी इथे होते. घर्षणांक गुणिले दाब हे स्थिर घर्षणाचे कमाल मूल्य आहे, नेहमीचे नव्हे. स्थितिक घर्षणांक ०.५ असेल, तर ठोकळा सुमारे २६.६ अंशांपर्यंत जागचा हलत नाही. २० अंशांवर घर्षण, वजनाचा जो भाग त्याला खाली ओढतो, तेवढेच असते. उतरण ३० अंश केली की तो सुटतो. मग गतिक घर्षणांक, समजा ०.३, वापरावा; त्वरण सेकंदाला २.३५ मीटर प्रति सेकंद येते. आधी ठोकळा हलतो का ते पाहावे, सूत्र नंतर लिहावे. वजन दोन्हीकडून कटते, म्हणून ते दिले नसले तरी घाबरू नये.

मापात असे चोख असणाऱ्या कूलोम यांना स्पष्टपणा महागात पडला. ब्रिटनीतील कालव्यांच्या योजनेवर त्यांनी प्रतिकूल मत दिले आणि आठवडाभर कैद भोगली. १७८५ मध्ये पिळाच्या तराजूने त्यांनी विद्युतभारांमधील बल मोजले आणि जगाने त्यांना त्यासाठीच ओळखले. क्रांतीच्या धामधुमीत ते पॅरिस सोडून ब्लुआजवळच्या आपल्या जमिनीवर राहिले. १८०२ पासून सार्वजनिक शिक्षणाचे निरीक्षक म्हणून फ्रान्सच्या शाळांच्या उभारणीत त्यांचा हातभार लागला. २३ ऑगस्ट १८०६ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हाही ते याच कामावर होते.