साखरेमागचं राजकारण वाचणारी मर्झी

घरात राजकारणाच्या गप्पा रंगल्या की बायकांनी चहा ठेवायला उठायचं, हा आपल्याकडे न सांगता पाळला जाणारा नियम. गावातल्या निवडणुकीवर एक वेळ बोललं तर चालतं. पण दोन देशांमधले तह, युद्धं, शस्त्रं? त्यातलं बाईला काय कळतं, असं ठरलेलं उत्तर येतं. ते ऐकलं की मला मर्झी टेट आठवते. शेतकऱ्याची मुलगी, अमेरिकेतली कृष्णवर्णीय, त्यात बाई. आणि अभ्यासाचा विषय काय, तर आंतरराष्ट्रीय राजकारण!

मर्झीचा जन्म ६ फेब्रुवारी १९०५ चा, मिशिगन राज्यातल्या ब्लँचर्ड या खेड्यातला. आजूबाजूला बहुतेक वस्ती गोऱ्यांची. शाळेसाठी रोज काही मैल पायपीट. पुढच्या शिक्षणासाठी ती बॅटल क्रीक या शहरात गेली आणि लोकांच्या घरी कामं करून शिकली. कलामझू इथल्या शिक्षक महाविद्यालयातून १९२७ मध्ये उत्तम गुणांनी पदवी मिळवली. तिथली ती पहिली कृष्णवर्णीय पदवीधर. पण त्याच राज्यातल्या हायस्कुलांमध्ये कृष्णवर्णीय शिक्षिकेला नोकरी नव्हती. गुण बघून शाबासकी आणि रंग बघून नकार!

मर्झी रडत बसली नाही. इंडियानापोलिस शहरात कृष्णवर्णीय मुलांसाठी क्रिस्पस अटक्स नावाचं हायस्कूल नुकतंच सुरू झालं होतं. तिथं ती इतिहास शिकवू लागली. राजधानी नुसती पुस्तकातच का बघायची, म्हणून तिनं मुलांचं प्रवास मंडळ काढलं आणि त्यांना वॉशिंग्टन दाखवून आणलं. नोकरी सांभाळून १९३० मध्ये कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी घेतली. १९३१ च्या उन्हाळ्यात ती जिनिव्हाला गेली. राष्ट्रसंघाचं मुख्यालय तेव्हा तिथंच होतं. देशादेशांमधलं राजकारण तिनं तिथं जवळून पाहिलं आणि मग त्याचाच ध्यास घेतला.

१९३२ मध्ये तिनं थेट ऑक्सफर्ड गाठलं. हाताशी होती पगारातून साठवलेली पुंजी आणि शिकलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या ‘अल्फा काप्पा अल्फा’ या संघटनेची शिष्यवृत्ती. एका मुलीला समुद्रापार पाठवायला बायकांच्या संघटनेनं पैसे दिले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ऑक्सफर्डमध्ये शिकायला गेलेली ती पहिली आफ्रिकन अमेरिकन स्त्री. १९३५ मध्ये तिथली पदवी आणि १९४१ मध्ये रॅडक्लिफ कॉलेजमधून डॉक्टरेट. हार्वर्डची दारं तेव्हा बायकांना उघडी नव्हती, त्यांच्यासाठी रॅडक्लिफ होतं.

१९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, तिचं ‘द डिसआर्ममेंट इल्युजन’ हे पुस्तक आलं. १८९९ आणि १९०७ मध्ये हेग इथं मोठमोठ्या राष्ट्रांच्या शांतता परिषदा झाल्या. तरी शस्त्रं कमी का झाली नाहीत, हा तिचा प्रश्न. तिचं उत्तर साधं होतं. तोफा आणि जहाजं मोजून शांतता येत नाही. जो वर बसलाय त्याला आहे तेच टिकवायचं असतं आणि खालच्याला वर चढायचं असतं. सत्तेचा हा वाद मिटत नाही, तोवर शस्त्रं खाली ठेवणार कोण? उतरंडीच्या तळाशी राहिलेल्या बाईला हे नेमकं दिसलं, यात मला तरी नवल वाटत नाही.

त्याच वर्षी ती वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात इतिहास शिकवायला लागली, ती १९७७ मध्ये निवृत्त होईपर्यंत. हे कृष्णवर्णीयांसाठीचं नावाजलेलं विद्यापीठ. म्हणजे इथं रंगाचा अडसर नव्हता. पण बाईपणाचा होताच. पुरुष सहकाऱ्यांइतका पगार आणि वेळेवर बढती मिळावी म्हणून तिला भांडावं लागलं. ती भांडली, आणि लिहीतही राहिली.

१९५०-५१ मध्ये मर्झी आपल्या देशात आली होती. फुलब्राइट योजनेतून शांतिनिकेतनला, रवींद्रनाथांच्या विश्वभारतीत तिनं शिकवलं. भारत नुकताच प्रजासत्ताक झाला होता. वर्णभेद सोसलेल्या बाईनं गोऱ्यांच्या राज्यातून नुकत्याच सुटलेल्या देशातल्या मुलांना जगाचं राजकारण शिकवावं, हा योग किती वेगळा! गळ्यात कॅमेरा अडकवून ती भरपूर हिंडलीही.

मला सगळ्यात भावतो तो तिचा हवाई बेटांवरचा अभ्यास. त्याच्या मुळाशी आहे साखर. १८७५ च्या करारामुळे हवाईची साखर अमेरिकेत विनाजकात जाऊ लागली. उसाचे मळेवाले गोरे गब्बर झाले. १८९० मध्ये अमेरिकेनं कायदा बदलला आणि त्यांची ती सवलत संपली. मळे आणि सत्ता दोन्ही राखण्यासाठी काहींना बेटंच अमेरिकेत विलीन व्हायला हवी होती. लिलिउओकलानी राणी मात्र राजसत्तेचे गेलेले अधिकार परत मिळवू पाहत होती. १८९३ मध्ये त्यांनी तिला पदच्युत केलं, तेव्हा अमेरिकन सैनिक किनाऱ्यावर उतरलेले होते. १८९८ मध्ये बेटं अमेरिकेनं घेतली. हा सगळा इतिहास मर्झीनं १९६५ आणि १९६८ मध्ये दोन जाड ग्रंथांत मांडला. उतारवयात तिनं आफ्रिकेतल्या खनिज वाहणाऱ्या रेल्वेमार्गांचा अभ्यास घेतला. हे रूळ खाणीतून निघून बंदराला पोचायचे. गावं जोडण्यासाठी ते घातलेच नव्हते.

मर्झीनं लग्न केलं नाही. ब्रिज हा पत्त्यांचा डाव ती जिद्दीनं खेळायची. पैसा जपून वापरायची, विचार करून गुंतवायची. जिनं पदवी दिली पण जिच्या राज्यात नोकरी मिळाली नाही, त्या कलामझूच्या शिक्षणसंस्थेला तिनं विद्यार्थ्यांसाठी मोठी देणगी दिली. १९९६ मध्ये, ९१ व्या वर्षी ती गेली. तिचं सविस्तर चरित्र यायला मात्र २०२३ साल उजाडावं लागलं. ते बार्बरा सॅव्हेज या इतिहासकार स्त्रीनं लिहिलं. त्याआधीच, २००८ मध्ये, मिशिगनमध्ये मुलींसाठी मर्झीच्या नावाचं एक प्रवास मंडळ सुरू झालं होतं. मुलींनी जग बघायचं आणि पाहिलेलं लिहायचं, हे त्या मंडळाचं काम.

मैत्रिणींनो, साखर-तेल महागलं, परदेशातल्या युद्धानं गॅस भडकला, की पहिली कात्री आपल्याच महिन्याच्या हिशेबाला लागते. जगाच्या राजकारणाची झळ आपल्या डब्यांपर्यंत पोचते. मग ते राजकारण समजून घेणं हे आपलं काम नाही, असं कसं म्हणायचं? आपल्या लेकीनं उद्या असा काही विषय शिकायचा हट्ट धरला, तर तिला मर्झीची गोष्ट जरूर सांगा.