वाफेला लगाम घालणारा

रिचर्ड ट्रेव्हिथिक याचा जन्म १७७१ साली इंग्लंडच्या नैऋत्य टोकावरील कॉर्नवॉल परगण्यात झाला. हा मुलूख कथील व तांबे यांच्या खाणींचा. खाणींत साचणारे पाणी उपसण्याकरिता तेथे वाफेची प्रचंड यंत्रे चालत. शाळेत रिचर्डचे मन रमले नाही. ते या यंत्रांतच गुंतले.

जेम्स वॉटच्या यंत्रांत वाफेचा दाब बेताचाच असे. दाब वाढविला, तर लहान यंत्रही मोठे काम करील, हे ट्रेव्हिथिकने ओळखले. अशा वाफेने बॉयलर फुटतील, अशी वॉटला धास्ती वाटे. ट्रेव्हिथिक मात्र डगमगला नाही. १८०१ साली नाताळच्या आदल्या दिवशी त्याची वाफेची गाडी माणसांना घेऊन कॅम्बोर्नचा चढ चढली.

परंतु १८०३ साली ग्रिनिच येथे अनर्थ ओढवला. त्याच्या एका यंत्राची राखण करणारा मुलगा मासे धरण्यास निघून गेला. वाफ सोडणाऱ्या झडपेचा दांडा पान्याने जखडलेला होता. मागे राहिलेल्या मजुराने यंत्र थांबविले, पण पाना काढला नाही. कोंडलेल्या वाफेने बॉयलर फुटला आणि चार माणसे प्राणांस मुकली. विरोधकांना आयतेच निमित्त मिळाले.

मुलाला दोष देऊन ट्रेव्हिथिक स्वस्थ बसला नाही. माणसाची चूक झाली, तरी यंत्राने घात करू नये, अशी योजना त्याने केली. त्याने बॉयलरला दोन सुरक्षा-झडपा बसविल्या. त्यांपैकी एक चालकाला हलविताच येत नसे. शिवाय आत शिशाचे एक बूच बसविले. पाणी धोक्याच्या खाली गेले, की शिसे वितळे व वाफ बाहेर पडून इशारा देई.

१८०४ साली वेल्समध्ये त्याच्या इंजिनाने १० टन लोखंड व ७० माणसे रुळांवरून ओढून नेली. तरीही १८३३ साली तो दारिद्र्यातच वारला.

आज जुनी वाफयंत्रे जत्रांतून हौसेने चालवून दाखवितात. २००१ साली अमेरिकेच्या ओहायो राज्यात मेडिना येथे असेच एक यंत्र फुटून पाच माणसे दगावली. बॉयलरमधील पाणी कमी झाले होते, आणि बुचाने आपले काम बजावले नाही. त्यानंतर त्या राज्याने अशा बॉयलरांची तपासणी कायद्याने सक्तीची केली. झडप व बूच नुसते असून भागत नाही. ते वेळोवेळी पारखावे लागतात. ट्रेव्हिथिकने वाफेला बळ दिले, तसाच लगामही घातला. तो लगाम शाबूत राखणे हे मात्र यंत्र चालविणाऱ्याचे कर्तव्य आहे.