शेख आडनावाचा मराठी आवाज

महाराष्ट्र दिन आला की हुतात्मा चौकात पुष्पचक्रे वाहिली जातात आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत त्याच त्या चार-पाच नेत्यांचे फोटो छापले जातात. ज्या आवाजाने गिरणगावातला कामगार आणि खेड्यातला शेतमजूर सभेच्या मैदानात आणून बसवला, त्या आवाजाचा धनी मात्र त्या फोटोंत क्वचितच दिसतो. शाहीर अमर शेख हे ते नाव. पुण्यात जुन्या बाजाराजवळच्या चौकाला त्यांचे नाव आहे. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी तिथे जाहिरातीचा लोखंडी सांगाडा कोसळून माणसे मेली, तेव्हा हे नाव घरोघर ऐकू आले, पण ते अपघाताचे ठिकाण म्हणून. तो चौक ज्याच्या नावाचा, तो माणूस कोण होता हे आजच्या किती तरुणांना ठाऊक असेल?

मेहबूब हुसेन पटेल हे त्यांचे मूळ नाव. जन्म २० ऑक्टोबर १९१६ चा, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचा. घर गरीब मुसलमानाचे. आई मुनेरबी यांच्या तोंडी लोकगीतांचा मोठा ठेवा होता आणि तीच या मुलाची पहिली शाळा. म्हणजे महाराष्ट्राला हलवणारी मराठी या माणसाला एका मुसलमान आईच्या मुखातून मिळाली, हे आधी नीट लक्षात घेतले पाहिजे. मराठी कुणाची, असा प्रश्न विचारणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर द्यायची गरज नाही.

पोटासाठी मेहबूबने मोटारीवर क्लीनरचे काम केले, गिरणीत मजुरी केली. गिरणीचा संप झाला तेव्हा तो पुढे झाला आणि विसापूरच्या तुरुंगात गेला. तिथे त्याची कम्युनिस्ट विचारांशी गाठ पडली. कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या स्टुडिओतही त्याने काही काळ काढला. या उमेदवारीतून पुढे आला तो शाहीर अमर शेख.

इथे आम्हाला एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. तो काळ कलावंतांनी नावे बदलण्याचा होता. युसूफ खान १९४४ मध्ये पडद्यावर आले ते दिलीपकुमार होऊन. महजबीन मीनाकुमारी झाल्या. सातासमुद्रापार अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या एका पोलादाच्या गावात इटलीहून आलेल्या केशकर्तनकाराच्या घरी १९१७ साली जन्मलेला डिनो क्रोचेट्टी हा मुलगा डीन मार्टिन या नावाने सर्वांचा लाडका गायक झाला. मूळ नावावरून माणूस कुठला हे कळू नये, ही बाजाराची मागणी होती. त्यात त्या कलावंतांचा दोष नाही. अमर शेख यांनीही नाव बदलले, पण कसे? पटेल हे आडनाव हिंदूचे की मुसलमानाचे अशी शंका तरी येऊ शकते. त्यांनी ते सोडून सरळ ‘शेख’ लावले. ‘अमर’ आणि ‘शेख’ असे दोन शब्द शेजारी ठेवून हा माणूस आयुष्यभर व्यासपीठावर उभा राहिला. त्याला स्वीकारायचे तर आडनावासकट, हाच त्याचा अर्थ.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी लालबावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊ वाटेगावच्या मांगवाड्यातले, अमर शेख बार्शीचे मुसलमान. ज्या तमाशाला पांढरपेशा समाज नाक मुरडत होता, त्याच तमाशाचे यांनी लोकनाट्य केले. गणगवळणीच्या जागी कष्टकऱ्याला वंदन आले, राजाराणीच्या जागी सावकार, गिरणीमालक आणि मजूर आले. मुंबई सरकारने या कलापथकावर बंदी घातली. डफावर पडणाऱ्या थापेला राज्यकर्ते घाबरतात, हे त्या बंदीने सिद्ध झाले.

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ मध्ये आला आणि मुंबईसह महाराष्ट्राच्या मागणीने पेट घेतला. गोळीबारात शंभराहून अधिक माणसे गेली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तीत कम्युनिस्ट होते, समाजवादी होते, आमच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात भक्कम पाय रोवलेला शेतकरी कामगार पक्ष होता आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनही होते. या सर्वांच्या सभांना एकत्र बांधणारा आवाज अमर शेख यांचा होता. अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड त्यांच्या पहाडी गळ्यातून महाराष्ट्रभर गेली. पुढारी बोलायला उठण्याआधी मैदान तयार असे, कारण शाहीर आधी गाऊन गेलेले असत. १ मे १९६० रोजी राज्य मिळाले.

१९६२ मध्ये चीनने आक्रमण केले. अमर शेख मुसलमान आणि त्यावर लाल बावट्याचे, म्हणजे संशय घेणाऱ्यांना दुहेरी सोय. त्यांनी हिमालयाच्या रक्षणासाठी हाक देणारे गीत रचले आणि संरक्षण निधीसाठी कार्यक्रम केले. देशभक्तीचा दाखला मागायला कुणी दारात येण्याची त्यांनी वाट पाहिली नाही.

ते केवळ गाणारे नव्हते. ‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे त्यांचे कवितासंग्रह, ‘पहिला बळी’ हे नाटक. आचार्य अत्रे यांच्या ‘महात्मा फुले’ (१९५४) या चित्रपटात त्यांनी काम केले, १९६१ च्या ‘प्रपंच’मध्येही ते दिसतात.

१९६९ हे साल महाराष्ट्रासाठी क्रूर ठरले. १३ जूनला अत्रे गेले, १८ जुलैला अण्णाभाऊ गेले आणि २९ ऑगस्टला पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. संयुक्त महाराष्ट्राची वाणी आणि लेखणी ७७ दिवसांत थंडावली. अमर शेख यांचे वय अवघे बावन्न होते. त्यांची कन्या मलिका अमर शेख कवयित्री म्हणून नावारूपाला आल्या. दलित पँथरचे नामदेव ढसाळ त्यांचे पती. बार्शीच्या त्या मजुराचा वारसा असा पुढच्या बंडाशी येऊन मिळाला.

आता आमच्या पनवेलकडे पाहा. नवनव्या इमारती उभ्या राहत आहेत, पण भाड्याने खोली मागायला गेलेल्या माणसाला भाडे सांगण्याआधी आडनाव विचारले जाते. आडनाव ऐकून ‘खोली कालच दिली’ असे उत्तर मिळण्याचा अनुभव बौद्धालाही आहे आणि मुसलमानालाही. वकिलीच्या धंद्यात आम्ही रोज पाहतो, नावात एका अक्षराचा फरक पडला तर माणूस प्रतिज्ञापत्रांच्या फेऱ्यात अडकतो, आणि आडनावच नकोसे असेल तर कितीही कागद जोडले तरी दार उघडत नाही. संविधानाच्या कलम १५ ने धर्म आणि जातीवरून राज्याने भेद करू नये असे सांगितले. पण घरमालकाच्या आणि सोसायटीच्या मनातले कलम कोण बदलणार?

ते काम कोर्टाच्या एकट्याच्या आवाक्यातले नाही, ते शाहिराचे आहे. म्हणून येत्या २९ ऑगस्टला वस्तीत आणि मोहल्ल्यात मिळून अमर शेख यांचा स्मृतिदिन व्हावा, मुलांना त्यांच्या रचना म्हणायला शिकवाव्यात, असे आम्ही सुचवतो. ज्या महाराष्ट्रात आज आडनाव विचारून खोली नाकारली जाते, तो महाराष्ट्र एका शेख आडनावाच्या माणसाने गाऊन मिळवला आहे. हे विचारणाऱ्याला तोंडावर सांगता आले पाहिजे.