बार्शीचा शाहीर

स्मरणिकेसाठी आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या कलावंतावर लिहा, असं समितीनं सांगितलं तेव्हा मला शाहीर अमर शेख यांच्याशिवाय दुसरं नाव सुचलं नाही. गॅदरिंगला आपण हौसेनं पोवाडे म्हणायचो. पण गिरणी कामगारांच्या मैदानात हजारोंना खिळवून ठेवणारा शाहीर शेजारच्या बार्शीचा, हे किती जणांना ठाऊक होतं?

जन्म २० ऑक्टोबर १९१६. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. घरी गरिबी. आई मुनेरबी हिच्या तोंडी लोकगीतं असायची. गाण्याचं पहिलं शिक्षण तिथेच झालं. पोरवयातच मोटारीवर क्लीनर, मग गिरणीत कामगार. संपात उतरले, त्यापायी तुरुंगही पाहिला. पुढे कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काही काळ काढला. मेहबूबचे अमर झाले ते तिथे.

खरी गोष्ट सुरू होते मुंबईत. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. डफ, तुणतुणं, झीलकरी, सगळं जुनंच. बदललं ते आतलं. तमाशात आधी गणपतीचा गण, मग कृष्णाची गवळण, बतावणी आणि शेवटी वग, अशी रीत. या मंडळींनी गणात मायभूमीला आणि श्रमिकांना वंदन घातलं आणि वगात सावकार, काळाबाजारवाला, पुढारी आणून उभे केले. पोवाडा, लावणी, ओवीच्या वळणाची लोकगीतं आणि सभेतलं भाषण यांच्या सीमा पुसूनच टाकल्या. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे मानवलं नसेल. मला तर लोककला जिवंत असण्याची खूण हीच वाटते. सरकारलाही हे झोंबलं आणि कलापथकावर बंदी आली.

अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ घ्या. ती छक्कड, म्हणजे लावणीच्याच घराण्यातली. बायकोला गावी ठेवून मुंबईला आलेल्या गड्याचा विरह सांगता सांगता ती बेळगाव, कारवार, निपाणी या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मुलखावर येते. शृंगाराची चाल आणि राजकारणाचा सल एकाच गाण्यात! ही मैना अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून गायली. आवाज पहाडी, ध्वनिक्षेपकाची फारशी गरज नसलेला. नेत्यांच्या भाषणांआधी शाहिरी व्हायची आणि पुष्कळ माणसं तेवढ्यासाठीच यायची, असं माझे वडील सांगत. १ मे १९६० ला राज्य झालं, पण मैनेतलं बेळगाव बाहेरच राहिलं.

ते नुसते गायक नव्हते, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण गळ्याच्या कौतुकात कवी झाकला गेला. ‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे त्यांचे कवितासंग्रह. १९६१ च्या ‘प्रपंच’ चित्रपटात त्यांनी कुंभाराची भूमिका केली. ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही, त्यांनी तो चित्रपट जरूर पाहावा. संसाराच्या ओझ्यानं पिचलेला तो माणूस साकारताना त्यांना फारसा अभिनय करावा लागला नसेल. मोटारीवरचे आणि गिरणीतले दिवस गाठीशी होतेच.

१९६९ साल मराठी शाहिरीला वाईट गेलं. १८ जुलैला अण्णाभाऊ गेले. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. आपण पुण्याला जाताना चहाला थांबतो, तेच इंदापूर. वय अवघं ५२. मुलगी मलिका तेव्हा शाळकरी होती. पुढे तीही कवयित्री झाली.